आधी साक्षीचं नाव

धोंडुबाईला दोन गोष्टींचा मनापासून तिटकारा. एक घाण, आणि दुसरी म्हणजे नाव विचारल्यावर तोंड फिरवणारं माणूस. निडी स्टेशनावर उतरून पाऊण तास आत चाललं की तिचं गाव लागतं, भाताचं आणि वालाचं. बांधावरून अनोळखी माणूस जाताना दिसला की ती हातातला विळा थांबवून विचारणारच, "कुनाचा रं तू? नाव काय?" समोरच्यानं आढेवेढे घेतले की संपलं, तिच्या लेखी तो चोर. "नाव सांगायला काय याच्या बापाचं जातं? आईबापानं काय लपवून ठेवायला ठेवलंय?"

आणि घाणीचं म्हणाल तर तिचं नाक! दुसऱ्याच्या गोठ्यातलं दूध आज नासणार, हे ती ओटीवरूनच सांगायची. तिच्या घरी जेवायला गेलेला माणूस आधी पाय धुवायचा, मग बोलायचा. भावकीतल्या बायका मागं चेष्टा करायच्या, की हिच्या चुलीलासुद्धा राख सांडायची भीती वाटते. करू देत. त्याच बायकांनी एक दिवस तिच्यापुढे हात जोडले होते, तेही सांगायला हवं.

तिची सासू, जनी म्हातारी, लकव्यानं तीन वर्षं खाटेला खिळली होती. अंगाची पार काडी झालेली, हाताला लागायची ती नुसती हाडं. धोंडुबाईनं तिला वेळापत्रक लावलं होतं. चुलीवर भात चढवला की डाव्या कुशीवर, भात उतरवला की उजव्या. पाणी भरून आली की पाठ पुसायची, खोबरेल चोळायचं, चादर ताणून सुरकुती मोडायची. शेतावर असली तरी दुपारी धावत यायची, म्हातारीला वळवायची आणि परत चिखलात. तीन वर्षं! म्हातारी गेली तेव्हा आंघोळ घालायला जमलेल्या बायकांनी मढं कुशीवर केलं आणि धोंडुबाईपुढे हातच जोडले. पाठीवर साधी पुळी नव्हती. एक जण म्हणाली, "न्हात्या पोराची पाठ हाय गो ही." धोंडुबाईला आयुष्यात मिळालेलं हे एवढंच सर्टिफिकेट. तेही तोंडी.

हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढं तिच्या जिवाची काय तडफड झाली ते कळेल.

मागच्या वर्षी झोडणी आटोपली आणि तिचा नवरा, हैबतराव, पेंढ्याची उडवी रचताना वरून घसरला. खुबा मोडला. वय सत्तरीला टेकलेलं, साखर वाढलेली. ऑपरेशन झेपायचं नाही म्हणून सरकारी दवाखान्यात पायाला पट्टा बांधला, पट्ट्याला दोरी, दोरीला खाटेच्या पायथ्याशी दोन विटा लटकवल्या आणि सांगितलं, "सहा आठवडे असंच उताणं पडायचं. हलायचं नाही." दवाखाना कुठला ते सांगत नाही. सांगून कुणाच्या जखमा भरणार आहेत? सरकारी होता, मोठा होता, दारात अशोकाची दोन झाडं होती, एवढं पुरे.

पहिल्याच दिवशी धोंडुबाईनं सगळा वॉर्ड नजरेखालून घातला. खाटेखाली लघवीचं भांडं काठोकाठ भरलेलं, कुणाचं ते देव जाणे. शेजारच्या खाटेवरचा कुणी ओकला होता, त्यावर वर्तमानपत्र टाकून ठेवलेलं. कागद भिजला, सुकला, लादीला चिकटला, पण उचलला कुणी नाही. कपाटाच्या फटीतून झुरळं पाहुण्यासारखी आरामात ये-जा करत होती. संडासाकडे तर तिनं एकदाच पाहिलं आणि पदर नाकाला लावून परत फिरली. दोन दिवसांत तिनं आपल्या खाटेभोवतीची लादी स्वतः घासून काढली. त्यावर सफाईवाली रागावली, की तुमच्यामुळे मला बोलणी बसतात!

आणि सिस्टर? चाळीस खाटांच्या वॉर्डात कधी दोन, कधी एक. त्यातली मोठी सिस्टर टेबलावरून उठायची ती खुर्ची गरम झाली म्हणून. गोळ्या हातात द्यायची नाही, खाटेवर टाकायची, कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी. सलाइन संपून नळीत रक्त चढलं तरी म्हणायची, "दिसतंय मला, ओरडू नका." धोंडुबाईनं सवयीनं विचारलं, "बाय, नाव काय तुमचं?" ती म्हणाली, "सिस्टर." दुसरीला विचारलं. ती म्हणाली, "सिस्टर म्हणा." तिसरी नुसती पुढं गेली. छातीवरची नावाची पट्टी प्रत्येकीनं स्वेटरच्या आत लावलेली. धोंडुबाईला वाचता येत नव्हतं ती गोष्ट वेगळी, पण लपवलेलं तिला कळत होतं. "चोराच्या आळंदीला आलो गो आपण," ती सुनेला, दिपिकाला म्हणाली.

"आई, गप ऱ्हावा," दिपिका म्हणाली. "आपलं मानूस त्यांच्या हातात हाय."

नाव सांगणारी एकच निघाली. काळीसावळी, किडकिडीत पोरगी, अकरा महिन्यांच्या करारावर लागलेली. खाटेशी आली, हैबतरावाच्या कपाळाला हात लावला आणि आपणहून बोलली, "मी अनिता. पेणची. काही लागलं तर नावानं हाक मारा, मावशी." झालं! त्या दिवसापासून आख्ख्या वॉर्डात एकच नाव घुमायला लागलं. अनिता सिस्टर, पाणी. अनिता सिस्टर, सुई सुटली. अनिता सिस्टर, भांडं. ती नसली तरी लोक तिचंच नाव घेऊन ओरडायचे, कारण दुसरं कुणाचं माहीतच नव्हतं.

आता कुणी म्हणेल, धोंडुबाई स्वतः होती ना तिथं, मग नवऱ्याला वळवायचं की तिनं, सासूला वळवत होती तसं! अहो, तेच तर. तिनं पहिल्या दिवशी हात घातला तर मोठी सिस्टर अंगावर आली. "हाड सरकलं तर तुम्ही जबाबदार! हात लावायचा नाही!" विटांची ती दोरी पाहून धोंडुबाई बिचकली. हाडाचं आपल्याला काय कळतं? शिवाय पुरुषांच्या वॉर्डात अंधार पडल्यावर बाईमाणसानं थांबायचं नाही, हा नियम. मुलगा रितेश रोह्याला कंपनीत, शिफ्ट सुटली तर तो थांबायचा, नाही तर म्हातारा सकाळपर्यंत देवाच्या भरवशावर. तीन वर्षं सासूची पाठ राखणारी बाई नऊ दिवस हात बांधून खाटेशी बसून राहिली.

नवव्या दिवशी तिला वास आला.

लघवीचा नाही, औषधाचा नाही. गोड, कुजका, वळचणीला घूस मरून पडली की येतो तसला. ती मोठ्या सिस्टरकडे गेली. "बाय, आमच्या मानसाखालून वास येतोय."

"दवाखाना आहे हा मावशी, अत्तराचं दुकान नाही."

एक थोबाडीत ठेवून द्यावी असं धोंडुबाईला वाटलं, खोटं कशाला सांगायचं! पण सुनेचं वाक्य आठवलं आणि ती परत येऊन बसली. दुपारी अनिता कामावर आली तेव्हा तिलाही वासाचं सांगितलं. तिनं एक शब्द न विचारता हातमोजा चढवला, हैबतरावाच्या कमरेखाली हात सरकवला आणि बाहेर काढून पाहिला. मोज्यावर पिवळं, लाल, काळं. अनिता म्हणाली, "मावशी, तुमचं नाक खरं."

म्हाताऱ्याला खाटेवर आडवी असलेली लोखंडी कांब धरून अंग वर उचलायला लावलं तेव्हा धोंडुबाईनं ते पाहिलं. माकडहाडावर बंद्या रुपयाएवढं काळं पडलेलं, कडेनं सुटलेलं, आत खड्डा. खालची चादर भिजून, वाळून, परत भिजून पुठ्ठ्यासारखी झालेली. तिला भडभडून आलं. ओकारी आली ती घाणीची नव्हती. सासूला आंघोळ घालणाऱ्या त्या सगळ्या बायका तिथं उभ्या राहून बघतायत असं तिला वाटलं.

"विटा हलू न देता उचलता येतं," अनिता म्हणाली. "इथं धरा. त्यांनी कांब ओढायची, तुम्ही इथून हात द्यायचा. दोन-दोन तासांनी. बघा, हाडाला काही होत नाही."

"हे पयल्या दिशी कुनी का नाय सांगितलं?"

अनिता जखम धुवायला लागली. हैबतराव तेवढा बोलला, "जाऊ दे गो. पाठ माजी, मला तरी कुटं दिसतेय?"

त्यानंतर महिनाभरानं दवाखान्यात नवसाचा दिवस उगवला. जिल्ह्याहून तपासणी येणार होती. काय सांगावं तुम्हाला! महिनाभर न दिसलेल्या हिरव्याकंच चादरी कपाटातून निघाल्या. फिनेलचा पूर आला. लादीला चिकटलेलं ते वर्तमानपत्र पत्र्यानं खरवडून काढलं. दारात रांगोळी, टेबलावर फुलदाणी, फुलदाणीत प्लास्टिकचा गुलाब. झुरळांनासुद्धा बहुतेक रजा दिली होती. मोठी सिस्टर खाटेखाटेला फिरून पढवत होती, "विचारलं तर काय सांगायचं? सेवा चांगली आहे." आणि मिशा पिकलेली माणसं शाळेतल्या पोरांसारखी म्हणत होती, "सेवा चांगली आहे."

साहेब लोक आले, पाहून गेले, चहाला बसले. मागं उरला फाइल घेतलेला एक तरुण, प्रणित नावाचा. त्याच्याकडे रुग्ण समाधानाचे फॉर्म होते. वर पाच तोंडं काढलेली, पहिलं हसरं, शेवटचं रडकं. ज्याचं जसं समाधान त्या तोंडावर खूण करायची आणि खाली अंगठा किंवा सही.

समोरच्या खाटेवर पोपट होता, वडखळकडचा मिठागरावरचा गडी. पाय सडून महिनाभर पडलेला. आदल्या दिवशीच त्यानं ड्रेसिंग चुकवल्याबद्दल सगळ्या सिस्टरांच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. प्रणितनं विचारल्यावर तोच पोपट हात जोडून म्हणाला, "एक नंबर! घरी नाय होत अशी सेवा." आणि हसऱ्या तोंडावर खूण. पुढचा, त्याच्या पुढचा, सगळे तेच. हसरं, हसरं, हसरं.

धोंडुबाईला किळस आली. झुरळांची आली नव्हती इतकी. "पोपटदादा, लाज नाय वाटत?"

पोपट हळूच म्हणाला, "बाय गो, ज्याच्या हाती आगराचा बांध, त्याला शिवी द्याची नसते. त्यानं बांध फोरला तं मीठ आपलाच बुरतं. मना अजून म्हयना हितंच काढाचा हाय."

खरं होतं त्याचं. म्हणूनच तिला जास्त शिसारी आली. प्रणित तिच्या खाटेशी आला, हसऱ्या तोंडावर पेन टेकवून तयारच होता. तिनं त्याचा हात धरला. "थांब रं पोरा. माजी तक्रार हाय. नीट लिव."

दिपिकानं पदर ओढला. धोंडुबाईनं तो सोडवून घेतला.

इथं तिच्या गावची रीत सांगायला हवी. त्यांच्या गावकीत कुणाला तक्रार मांडायची असेल तर ग्रामदेवीच्या देवळात उभं राहून पहिल्यांदा साक्षीचं नाव घ्यायचं. ज्यानं डोळ्यानं पाहिलं त्याचं. मग काय झालं ते, आणि कुणी केलं ते सगळ्यात शेवटी. साक्षीचं नाव न घेता कुणी बोलायला लागला तर म्हातारे त्याला खाली बसवतात, कारण साक्षीशिवायची तक्रार म्हणजे नळावरचं भांडण. धोंडुबाईनं आयुष्यात दोनदा गावकीपुढे तक्रार मांडली होती आणि दोन्ही वेळा जिंकली होती. रीत तिच्या हाडात भिनलेली.

ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "अनिता सिस्टर. आधी तिचं नाव लिव. अनिता, पेनची."

प्रणितनं लिहिलं.

मग तिनं सगळं सांगितलं. नऊ दिवस कुणी वळवलं नाही, वास येतो म्हटल्यावर अत्तराचं दुकान काढलं, चादर पुठ्ठा झाली, रुपयाएवढ्या काळ्या डागाचा वाटीएवढा खड्डा झाला. एक अक्षर पदरचं घातलं नाही. प्रणित भराभर लिहीत होता. शेवटी ती म्हणाली, "आता करनाऱ्यांची नावं. तर एकीचंबी नाव ठावं नाय. सांगतच नायत मेल्या." पण तोवर त्यानं कागद फिरवून शाईचं पॅड पुढं केलं होतं. "झालं आजी. नाव आलंय. इथं अंगठा."

फॉर्मवर रकाना एकच होता, 'संबंधित कर्मचारी'. त्यात अनिताचं नाव बसलं. कागदाला गावकी कुठून ठाऊक असणार? आणि धोंडुबाईला रकाना कुठून? तिनं अंगठा दाबून उठवला. चाळीस खाटांतला एकुलता एक रडका फॉर्म, आणि तो त्या वॉर्डातल्या एकुलत्या एका माणसाच्या नावावर.

हैबतरावाच्या विटा सुटल्या, त्याला घरी आणलं. जखम मात्र अजून भरायची होती. आठवड्यातून दोनदा रितेशच्या मित्राच्या टेम्पोत गादी घालून त्याला ड्रेसिंगला न्यायचं. पहिल्या खेपेला अनिता दिसली नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. रजेवर असेल, धोंडुबाई म्हणाली. पण दवाखान्याचं वागणं एकाएकी बदललं होतं. तिला पाहताच मोठी सिस्टर खुर्चीवरून उठली. "या मावशी, बसा." चहा मागवला. हैबतरावाला हात देऊन कुशीवर केलं, जखम हळुवार धुतली, वर म्हणाली, "दुखत नाही ना बाबा?" धोंडुबाईनं तो चहा तसाच बाजूला ठेवला. ज्या हातांना हे सगळं येत होतं, ते नऊ दिवस कुठं होते? येत नसतं तर एक वेळ माफ केलं असतं.

तिसऱ्या खेपेला न राहवून तिनं विचारलं, "अनिता सिस्टर कुटं दिसत नाय?"

मोठी सिस्टर पट्टी चिकटवता चिकटवता म्हणाली, "अहो, तुम्हीच तर तक्रार केलीत ना तिची! बरं केलंत. या कंत्राटी पोरी पेशंटशी लाडीगोडी करतात आणि डोक्यावर बसतात. नोटीस काढली तिला. करार संपला, परत केला नाही."

धोंडुबाईला वाटलं आपल्या कानात कुणीतरी गरम तेल ओतलं. ती तशीच उठली. दिपिकाला हाताला धरून ऑफिसात गेली. तिथं हितेश नावाचा क्लार्क बसला होता. त्यानं फाइल काढली, कागद दाखवला.

"हे नाव तुम्हीच सांगितलंत. अंगठा तुमचाच ना?"

"साक्षीला सांगितलं रं! तिनं बघितलं म्हनून सांगितलं! तिनं तर माज्या मानसाला वाचवला!"

"साक्षीचा रकाना नाही त्यात."

"मग तू वाचून का नाय दाखवलंस मला?"

"मी नव्हतो, तो जिल्ह्याचा माणूस होता." हितेशनं फाइल बंद केली. त्यानं तरी काय करायचं? चोर सोडून संन्याशाला सुळी देणारा तो नव्हे, त्यानं फक्त दोरीची नोंद ठेवली होती.

मग ती मोठ्या डॉक्टरांपुढे उभी राहिली. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ते थकलेले दिसत होते. म्हणाले, "ठीक आहे. मग खरी चूक कुणाची, त्याचं नाव द्या."

"सगल्यांची."

"सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही, आजी. कागदावर एक नाव लागतं." आणि मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "बारा सिस्टर मंजूर आहेत मला. होत्या पाच. अनिता गेली, आता चार. काढू कुणाला?"

"तिच्या जागी दुसरी कवा येनार?"

"प्रस्ताव पाठवलाय."

धोंडुबाई बाहेर व्हरांड्यात येऊन बसली. दोन हातांनी कपाळ धरलं आणि मोठ्यानं म्हणाली, "दिपिका, मी तक्रार काय केली गो? सिस्टर बघत नायत म्हनून. आनि बघनारी होती तीच मी घालवली!" दिपिका पहिल्यापासून गप्प राहा म्हणत होती, आणि आता तिचं खरं ठरल्याचं तिलाही बरं वाटत नव्हतं.

वाल काढून झाल्यावर धोंडुबाईनं चांगले निवडून, ऊन दाखवून पायलीभर वाल पिशवीत भरले आणि पेणला गेली. विचारत विचारत घर सापडलं. गणपतीच्या कारखान्यांच्या आळीत, ओळीनं बिनरंगाच्या पांढऱ्या मूर्ती मांडलेल्या, त्यांच्यामागे दोन खोल्या. अनिता दारातच मूर्तीचा जोड पॉलिश पेपरनं घासत बसली होती. हात कोपरापर्यंत पांढरे. धोंडुबाईला पाहून उठली, आणि पहिला प्रश्न काय विचारावा तिनं? "जखम भरत आली का?"

धोंडुबाई म्हणजे दगडाच्या काळजाची बाई, पण तिथं मात्र तिला रडू फुटलं. तिनं सगळं सांगितलं, गावकी, साक्ष, रकाना. अनिता ऐकत होती. मग म्हणाली, "मावशी, एक सांगू? तुमची तक्रार माझ्यावर होती असं धरलं तरी खोटी नव्हती. त्या नऊ दिवसांत चार रात्रपाळ्या माझ्या होत्या. चाळीस पेशंट आणि मी एकटी. एकाला रक्त चढवायचं, एकाला झटके येतायत. मीही बाबांना वळवलं नव्हतं."

हे धोंडुबाईनं अपेक्षिलं नव्हतं.

"माझी चूक एकच झाली," अनिता हाताची पांढरी माती झटकत म्हणाली. "लागले त्या दिवशीच मोठ्या सिस्टरनी सांगितलं होतं. नाव सांगू नकोस कुणाला. नाव सांगितलं की हाका तुलाच येतात, आणि शिव्याही तुलाच. मला वाटलं, काय ह्या बायका! मला हसू यायचं."

आतून अनिताची आई आली. तिनं पिशवी घेतली, वाल सुपात ओतले आणि पिशवी परत आणून धोंडुबाईच्या हातात दिली. रिकामी. आपल्याकडे आलेली पिशवी कुणी रिकामी परत देतं का? दोन दाणे तांदळाचे तरी टाकतात, नाही तर एखादी सुपारी. धोंडुबाईनं ती रिकामी पिशवी घडी घालून कनवटीला लावली. बोलायला तिच्याकडे तोंड नव्हतं.

पुढच्या खेपेला ती हैबतरावाला ड्रेसिंगला घेऊन गेली तेव्हा दवाखान्याच्या भिंतीवर नवी चौकट लागली होती. दिपिकानं वाचून दाखवलं. रुग्ण समाधानात चांगला क्रमांक आल्याबद्दल प्रशस्तिपत्र. धोंडुबाईच्या तोंडात थुंकी जमा झाली. पण चौकटीखालीच 'थुंकू नये' लिहिलेलं आहे असंही दिपिका म्हणाली, आणि घाण करणं तर तिच्या रक्तात नाही. ती फाटकाबाहेर जाऊन थुंकून आली.

आत ड्रेसिंगची वाट बघत ते पुरुषांच्या वॉर्डाच्या दारापाशी थांबले होते. वॉर्डात टेबल रिकामं. चार सिस्टरांतली एक रजेवर, एक ऑपरेशनला, एक खालच्या मजल्यावर. मोठी सिस्टर एकटीच, पार त्या टोकाला कुणाच्या तरी नाकात नळी घालत होती, आणि खरंच घामाघूम झाली होती. कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारा, पायाला पट्टा, पट्ट्याला दोन विटा. खाटेशी एक बाई हात बांधून बसलेली, आदिवासी वाडीवरची असावी. मधूनच हाक मारायची, "सिस्टर... ओ सिस्टर..." कुणाला मारतेय ते तिलाही माहीत नव्हतं.

आणि धोंडुबाईला वास आला.

"आई, नगं," दिपिका म्हणाली.

धोंडुबाईनं पिशवी सुनेकडे दिली. आत गेली. नळाखाली हात धुतले, म्हाताऱ्याला कांब धरायला लावली, एक हात कमरेखाली, एक मांडीखाली, विटा तसूभर हलल्या नाहीत. त्या बाईला दाखवलं, असं धर, असं पूस. जागा लाल झाली होती, काळी पडली नव्हती. वेळेत होतं. ओली चादर ओढून काढली, आपल्या पदरानं पाठ कोरडी केली. "दर दोन तासानं. कोन नको म्हनलं तरी कर. हाडाला काय नाय होत."

ती बाई तिचा हात धरून राहिली. रडवेली होऊन तिनं विचारलं, "कोन गो बाय तू? नाव काय तुजं? म्हंजे परत लागलं तर हाक मारीन."

वॉर्डाच्या त्या टोकाहून मोठ्या सिस्टरनं मान वर केली होती. ऑफिसच्या दारातून हितेश फाइल घेऊन येत होता. आयुष्यभर बांधावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव विचारत आलेली धोंडुबाई. तिच्या तोंडापर्यंत तिचं नाव आलं.

"मावशी म्हन," ती म्हणाली, आणि हात सोडवून घेऊन चालायला लागली.